काळ्या पट्टीवरचे सात

औलिस टोलोनेनला कुणाची कीव आली असं उत्तरेकडच्या कुहमो गावात कुणी पाहिलं नव्हतं. कीव यायची तर समोरचा आधी माणूस वाटावा लागतो, आणि औलिसच्या लेखी गावातली निम्मी वस्ती माणसांत जमा नव्हती. दक्षिणेकडून बदली होऊन आलेले नव्हते. बर्फात चालताना बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधणारे नव्हते. मासे दुकानातून आणणारे तर नव्हतेच. पण सगळ्यांत खालच्या पायरीवर त्याने ज्यांना बसवलं होतं ते म्हणजे हिवाळ्यात गाडीला वीज लावणारे.

आणि नेमके हे लोक त्याच्या खिडकीखालीच राहत होते. सोसायटीच्या तीन बुटक्या विटकरी इमारती, मधे अंगण, आणि अंगणात गाड्यांच्या रांगेपुढे कमरेएवढ्या उंचीचे अठरा खांब. प्रत्येक खांबाला झाकण, झाकणाला कुलूप, आत विजेची खाच आणि एक घड्याळ. संध्याकाळी लोक खाली यायचे, गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर खांबात खोचायचे आणि सकाळी कितीला निघायचं ती वेळ घड्याळावर लावायचे. निघायच्या दोन तास आधी खांबावरचा लाल दिवा लागायचा, इंजिनाच्या पोटातला हीटर पाणी तापवायचा, आणि बाहेर उणे तीस असलं तरी गाडी जुलै महिना असल्यासारखी सुरू व्हायची.

औलिस दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात कॉफीचा कप घेऊन उभा राही आणि हे सगळं बघे. "पाजा, पाजा बाळाला," असं तो खिडकीच्या काचेला सांगे. बायको लेम्पी होती तोवर हे तिला ऐकावं लागे. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी वाक्य काही बदललं नव्हतं. सोसायटीचा चेअरमन रायमो दर नोव्हेंबरात जिन्यात एक कागद चिकटवायचा, की दोन तासांहून जास्त वेळ हीटर चालू ठेवू नये, वीज सगळ्यांची आहे. रायमोला औलिस खांबमंत्री म्हणायचा. शेजारच्या जिन्यातली हिल्का पीराइनेन हीटरबरोबर गाडीच्या आतही गरम हवेचा डबा लावायची, म्हणून तिला तो विचारायचा, गाडीची आंघोळ झाली का, आता पावडर लावणार का.

हिल्का त्याच्याच गावची. लहानपणी एकाच शाळेत दोघं तीन वर्गांच्या अंतराने शिकलेली, त्यामुळे ती ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. सव्वीस वर्षं तिने शाळेचं स्वयंपाकघर चालवलं होतं. ती सांगायची, गाडीला पावडर लावून उरली की तुझ्या तोंडाला लावते, जरा बघण्यासारखं होईल.

औलिसचा हा सगळा तोरा एका गोष्टीवर उभा होता. एकतीस वर्षं तो गावच्या बस डेपोत मेकॅनिक होता. अकरा बस. थंडी कितीही असो, साडेपाचला पहिली बस फाटकातून बाहेर. सुरुवातीच्या काळात ते लोक संध्याकाळी इंजिनातलं तेल काढून बादलीत शेगडीजवळ ठेवत आणि पहाटे गरम करून परत ओतत. पत्र्याच्या परातीत निखारे घालून ती परात इंजिनाखाली सरकवत. इंजिन तापवायच्या ब्लोलँपच्या ज्वाळेने त्याच्या भुवया दोनदा जळाल्या होत्या, आणि त्या तो अजून, जणू जळलेल्या अवस्थेतच, कपाळावर वागवत असे. पेट्रोल पंपावर सकाळी नऊला म्हातारे कॉफीला जमत, तिथे तो या भुवयांच्या गोष्टी सांगे. ऐकणाऱ्यांना त्या पाठ होत्या. एक गोष्ट मात्र तो सांगत नसे. डेपोने पुढे अकराच्या अकरा बसना हीटर बसवून घेतले, आणि ते बसवले होते औलिसने, स्वतःच्या हाताने, आणि त्यानंतरची अठरा वर्षं त्याने भुवया जाळायचं काहीएक काम केलं नव्हतं.

त्याची स्वतःची गाडी हिरवी, चौदा वर्षांची, सोत्कामोच्या एका विधवेकडून घेतलेली. तिच्यात हीटर होताच. पुढच्या जाळीत खाच होती. औलिसने गाडी घरी आणली त्याच दिवशी त्या खाचेवर काळी चिकटपट्टी मारली, दोन थर. थंडी वाढली की तो गाडीची बॅटरी काढून वर घरात आणी आणि पलंगाशेजारी ठेवी. सकाळी ती लेम्पीच्या लोकरी शालीत गुंडाळून खाली नेई, जोडी, किल्ली फिरवी, आणि गाडी सुरू झाली की मुद्दाम दोन मिनिटं तशीच घुरघुरत ठेवी, म्हणजे तिन्ही इमारतींना ऐकू जावी. सात हिवाळ्यांत गाडी एकदाही दगा देऊन गेली नव्हती. हे खरं होतं. उणे तीसच्या खाली औलिसने किल्ली एकदाही फिरवली नव्हती, हेही तितकंच खरं होतं. तसे दिवस आले की त्याला बाहेर काही काम नसे. तो म्हणे, शहाण्याला अशा दिवसांत घरी बसता येतं.

पण त्या जानेवारीत त्याला घरी बसता येणार नव्हतं.

शनिवारी तो सत्तर वर्षांचा होत होता. सत्तराव्या वर्षी गाडीचा परवाना संपतो, आणि तो पुढे चालू ठेवायचा तर डॉक्टरचा दाखला लागतो. गावच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईने त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तो वाचत असताना ती मधेच थांबली, काहीतरी लिहिलं, आणि म्हणाली की हा दाखला मी देत नाही, कायानीला डोळ्यांच्या डॉक्टरना दाखवून या. कायानी म्हणजे शंभर किलोमीटर. वेळ मिळाली गुरुवारी सकाळी आठ चाळीसची. ती चुकली तर पुढची मार्चच्या अखेरीस. औलिसने पंपावर जाऊन सांगितलं की गावच्या डॉक्टरीणबाईला अक्षरओळख नाही, ती मोठ्या डॉक्टरना विचारून घेतेय.

आत मात्र त्याला झोप लागत नव्हती. चौतीस किलोमीटरवर तळ्याकाठी त्याची खोपटी होती. तळ्याच्या बर्फाखाली जाळी टाकलेली होती. त्या रस्त्याला बस जात नव्हती आणि माणूसही जात नव्हता. परवाना गेला की जाळी गेली, खोपटी गेली, आणि औलिस टोलोनेन हा दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसणारा म्हातारा झाला. असे म्हातारे त्याने पाहिले होते. त्यांच्याबद्दल तो काय बोलत आला होता तेही त्याला आठवत होतं.

सोमवारी उणे एकोणतीस होतं. मंगळवारी उणे चौतीस. बुधवारी दुपारी रेडिओने सांगितलं की उद्या पहाटे उणे अडतीस होईल.

सव्वासहाला कायानीची बस होती. औलिसकडे डेपोचा पास होता, तहहयात. त्या बसने तो आठला दवाखान्याच्या दारात उतरला असता. पण परवाना वाचवायला बसने जायचं, आणि बसचा ड्रायव्हर असणार जुन्या सहकाऱ्याचा जावई, आणि तो नऊ वाजेपर्यंत पंपावर फोन करणार. हा विचार औलिसने एकदाच केला आणि टाकून दिला.

मग तो एस्कोच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. आधी खिळे पाहिले. मग रंगाचे डबे पाहिले. मग गिऱ्हाईक निघून गेल्यावर हीटरची वायर मागितली. पुतण्यासाठी, असं म्हणाला.

एस्कोने वायर काढून ठेवली. पुतण्या कुठला, असं त्याने विचारलं नाही. औलिसला भाऊ नव्हता हे त्याला ठाऊक होतं. त्याने एवढंच विचारलं, "पुतण्याची गाडी खांबापासून किती लांब असते?"

"दोन मीटर," औलिस म्हणाला.

"मग तीन मीटरची बास झाली. आणि पुतण्याला सांग, वायर आधी गाडीला लाव, मग खांबाला. उलटं केलं तर हातात जिवंत वीज येते."

औलिस त्याच्याकडे असा काही बघून बाहेर पडला की जणू एस्कोने त्याला जेवताना तोंड कुठे असतं ते सांगितलं होतं.

साडेतीन वाजता उजेड संपत आला. अंगणात कुणी नव्हतं. औलिस खाली उतरला. नेहमीप्रमाणे बॅटरी काढून बाजूला ठेवली. मग गाडीच्या नाकाशी गुडघे टेकून चिकटपट्टीवर फुंकर मारत बसला. सात वर्षांची पट्टी आणि वर उणे छत्तीस. तिचे बोटभर बोटभर तुकडे निघत होते. शेवटी नखाने नाही जमलं तेव्हा दातांनी ओढली. कुणी वरून पाहिलं असतं तर म्हाताऱ्याने गाडीचा मुका घेतला असंच सांगितलं असतं.

खांबाची किल्ली सोसायटीने त्याला राहायला आला तेव्हाच दिली होती. ती कोरी होती. झाकण उघडलं. आत घड्याळाची तबकडी. एकापासून बारापर्यंतचे आकडे तिच्यावर दोनदा होते, अर्ध्या गोलात काळ्या पट्टीवर, अर्ध्या गोलात पांढऱ्या. मधे फिरवायचा एक बाण. औलिस चष्मा लावत नसे, चष्मा लावणारे त्याच्या यादीत होतेच. तो तबकडीला नाक लावून उभा राहिला. त्याला पट्ट्या दिसल्या, आकडे दिसले. कुणाला विचारावं लागेल असं त्यात काही दिसलं नाही. एकतीस वर्षं बसची इंजिनं उघडून बसवलेला माणूस, त्याला हे लाडावलेल्यांचं खेळणं कुणी शिकवायचं?

निघायचं सकाळी सातला. सातला बाहेर काय असतं? काळोख. जानेवारीत कुहमोला साडेआठपर्यंत हात पुढे केला तर दिसत नाही. औलिसने बाण काळ्या पट्टीवरच्या सातावर आणून ठेवला, वायर खोचली, झाकण लावलं आणि बॅटरी उचलून वर गेला. संध्याकाळी तो राईची लापशी खाऊन लवकर आडवा झाला. खिडकीत उभा राहिला नाही. त्या दिवशी त्याला खाली बघायचं नव्हतं.

सकाळी साडेसहाला तो बॅटरी शालीत घेऊन उतरला. थंडी अशी होती की श्वास घेताना नाकातले केस मोडतात की काय असं वाटावं. अंगणात चार गाड्यांच्या खांबांवर लाल दिवे जळत होते. औलिसच्या खांबावर नव्हता. आपलं काम आटोपून दिवा विझला असेल, असं तो समजला. बॅटरी जोडली, आत बसला, किल्ली फिरवली.

गाडी कण्हली. एकदा, लांब, खालच्या सुरात. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा अर्धंच कण्हली. तिसऱ्यांदा नुसती टकटक झाली. एवढा वेळ पलंगाशेजारी झोपवलेली बॅटरी तीन झटक्यांत संपली, कारण इंजिनातलं तेल डांबर झालं होतं आणि डांबर कुणाच्या शालीने पातळ होत नाही. हे औलिसला कुणापेक्षाही चांगलं कळत होतं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. कायानीची बस पंधरा मिनिटांपूर्वी गेली होती.

हिल्का गुरुवारी सातला पोहायला जायची. ती पिशवी घेऊन बाहेर आली, औलिसच्या गाडीशी थांबली आणि काचेवर टकटक केली. कुणाला मारतोयस रे इतक्या सकाळी, असं तिने विचारलं. मग तिला वायर दिसली. ती हसली नाही, आणि ते औलिसला आवडलं नाही.

ती खांबाकडे गेली, झाकण उघडून टॉर्च मारला.

"काळ्या सातावर लावलंयस तू. हे संध्याकाळचे सात. म्हणून काल सहाला चर्चच्या गायनमंडळाहून आले तर तुझा लाल दिवा लागलेला. मी म्हटलं, औलिस चालला कुठे नटूनथटून."

औलिस गाडीतून उतरला. "सकाळी सातला काय ऊन पडतं इथे? वर बघ. काळं आहे का पांढरं?"

"अरे, पण बाजूला सूर्य काढलाय ना. पांढऱ्याला सूर्य, काळ्याला चंद्र. हा बघ."

औलिस वाकला. हिल्काने टॉर्च अगदी जवळ धरला होता. त्याने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पांढऱ्या पट्टीच्या कडेला काहीतरी पिवळसर होतं. गंजलेला स्क्रू असावा तसं.

"दिसला," तो म्हणाला.

सव्वीस वर्षं हिल्काने रांगेत उभ्या पोरांना विचारलं होतं, हात धुतलेस का, आणि धुतले म्हणणाऱ्या हजारो तोंडांकडे पाहिलं होतं. तिने टॉर्च बंद केला.

"निघाला कुठे होतास?"

औलिसने खांबाचं झाकण लावलं. उत्तर द्यावं तर लागणारच होतं. "कायानीला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आठ चाळीसला."

आता मात्र हिल्का हसली. त्या थंडीत तिचं हसू वाफेचा ढग होऊन वर गेलं. गाडी आता तापत ठेवली तर नऊ वाजतील, ती म्हणाली, आणि तिने पोहण्याची पिशवी आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर टाकली. "बस. मागे नको बसूस, पुढे बस. तू काही सामान नाहीस."

हिल्काची गाडी किल्ली फिरवायच्या आधीच सुरू झाल्यासारखी सुरू झाली. आत ऊब होती. औलिसने टोपी काढली, कोटाची बटणं सोडली आणि म्हणाला की बेकरीत बसल्यासारखं वाटतंय. पुलाजवळ तो म्हणाला की इथे गिअर तिसऱ्यात टाकायचा. गाव सुटल्यावर म्हणाला की क्लच असा दाबत नाहीत, क्लच म्हणजे शाळेतल्या कणीक मळायच्या यंत्राचा पेडल नव्हे. हिल्का ऐकत होती. दहाव्या किलोमीटरला ती म्हणाली की आणखी एक शब्द बोललास तर इथे उतरवीन, आणि इथून पुढचं घर सहा किलोमीटरवर आहे. बाहेर उणे अडतीस होतं. पुढचे तीस किलोमीटर औलिस गप्प बसला. तो गप्प बसला म्हणूनच बहुधा हिल्काला विचारायचं सुचलं.

"ती पुढची पाटी वाच."

"सोत्कामो, बावीस."

पाटी जवळ आली. सोत्कामो, बावीस. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, आणि औलिसने पुलाचं नाव सांगितलं. तेही बरोबर निघालं. त्याच्या चेहऱ्यावर डेपोतला जुना रुबाब परत आला. या रस्त्यावर त्याने बंद पडलेल्या बस किती वेळा ओढून आणल्या होत्या, त्याचा हिशेब नव्हता.

"आणि ती?"

"डेअरीचा फाटा. दोन किलोमीटर."

हिल्काने गाडी हळू केली. हेडलाइटच्या उजेडात पिवळ्या त्रिकोणात एल्क या मोठ्या हरणाचं चित्र उभं होतं, शिंगांसकट.

"डेअरी बंद होऊन तीन वर्षं झाली. पाटी मागच्या उन्हाळ्यात बदलली."

औलिस म्हणाला की रस्ता आपल्याला पाठ आहे, डोळे मिटूनही आपण कायानीला जाऊ.

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावर कोण उभं आहे ते पाठ नसतं." हिल्काने हे मोठ्याने म्हटलं नाही. "ऑक्टोबरात तू मला खोपटीवरून घरी आणलंस. पाऊस होता, अंधार होता. मी शेजारी बसून तुला बोरांच्या जॅमची कृती सांगत होते. तुला तेव्हा काय दिसत होतं, औलिस?"

औलिसने कोटाची सोडलेली बटणं पुन्हा लावायला घेतली. सोत्कामो आलं आणि गेलं. वुओकात्तीच्या टेकडीवरचे दिवे आले आणि गेले. ते दिवे त्याला मोठमोठ्या कापसाच्या बोळ्यांसारखे दिसत होते, आणि बरीच वर्षं तो समजत आला होता की थंडीत दिवे सगळ्यांनाच असे दिसतात.

आठ छत्तीसला ते पोचले. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. औलिस बाकावर बसल्या जागेवरून पुढे झुकला. वरची ओळ पाठ करता आली तर बरं, असा त्याचा बेत होता. पण पाठ करायला आधी दिसावं लागतं. तो तक्ता त्याला एका पांढऱ्या टॉवेलसारखा दिसला.

डॉक्टर तुर्कूकडचा होता, म्हणजे दक्षिणेकडचा. हळू बोलणारा. त्याने आधी तक्ता वाचायला लावला. मग औलिसची हनुवटी एका यंत्राच्या पट्टीवर टेकवली आणि डोळ्यांत उजेड सोडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तो म्हणाला, उजव्यात जुना. दाखला देता येणार नाही. ऑपरेशन झालं की सहसा चांगलं दिसतं, मग परत अर्ज करा, परवाना मिळायला हरकत नाही. तोवर गाडीला हात लावू नका. आणि मग, कागदावर लिहिता लिहिता, वर न बघता तो म्हणाला की मागच्या शरदातही तुम्ही चालवायला नको होती.

औलिसने त्याला सांगितलं की या खोलीतला दिवा मंद आहे. तक्त्याची छपाई फिकी आहे. आणि रात्री तीस-तीस बस बाहेर काढणाऱ्या माणसाला इथे कुणी शिकवू नये. बस अकरा होत्या, पण डॉक्टरला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ऑपरेशनसाठी अकरा मे चालेल का विचारलं. औलिस म्हणाला, डायरी बघून सांगतो. त्याच्याकडे डायरी नव्हती. डॉक्टरने पेन पुढे केलं. औलिसने रेघ कुठे आहे ते बोटाने चाचपून सही केली.

बाहेर हिल्का कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिने भुवया उंचावल्या.

"दक्षिणेकडचा आहे," औलिस म्हणाला. "त्याला उत्तरेकडच्या डोळ्यांची माहिती नाही."

हिल्काने कोट चढवला. परतीच्या वाटेवर ती चुकून एकदा चौथ्यात टाकायचा तो दुसऱ्यात टाकून बसली. गाडी किंचाळली. औलिस खिडकीबाहेर बघत होता. हिल्काने त्याच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

परवाना शनिवारी आपोआप संपणार होता. कुणी मागायला येणार नव्हतं, कुठे द्यायलाही लागणार नव्हतं. पण शुक्रवारी औलिस उठला, दाढी केली, चांगली टोपी घातली आणि दोन किलोमीटर चालत पोलीस ठाण्यात गेला. उणे एकतीस होतं. काउंटरवरच्या बाईपुढे त्याने परवाना ठेवला. तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, आजोबा, हा उद्या संपतोय, तुमच्याकडेच राहू द्या, आठवण म्हणून.

"ठेवून घ्या," औलिस म्हणाला. "मला नको. मी सोडून दिली गाडी."

तिने पुन्हा सांगितलं की गरज नाही. तो परवाना तिथेच सोडून बाहेर आला. घेतलेला आणि दिलेला यात फरक असतो, आणि हा फरक गावाला कळायला संध्याकाळ पुरते, हे त्याला माहीत होतं. काउंटरवरच्या बाईचा नवरा पंपावर कामाला होता.

शनिवारी वाढदिवसाला हिल्का केक घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला की केकात साखर जास्त झालीय, आणि तीन तुकडे खाल्ले.

सोमवारी सकाळी नऊला तो पंपावर पोचला, चालत. भुवयांवर हिम बसलं होतं. टेबलाभोवती सगळे होते, एस्कोही होता. एस्कोने विचारलं की पुतण्याची गाडी सुरू झाली का. टेबलावरचे कप थांबले. औलिसने टोपी काढली, हातमोजे काढले, कॉफी ओतून घेतली.

"पुतण्या मूर्ख आहे," तो म्हणाला. "उणे अडतीसमध्ये गाडी काढायला निघाला. अशा थंडीत गाडीच कशाला लागते माणसाला? हीटर लावा नाहीतर बॅटरी कुशीत घेऊन झोपा, सगळे एकाच माळेतले. पाय कशाला दिलेत?"

मग त्याने चालण्याविषयी सांगितलं. चालणाऱ्या माणसाचं रक्त कसं वाहतं, गाडीत बसणाऱ्याचं कसं साखळतं, डेपोत असताना आपण कसे रोज चालत कामाला जात होतो. डेपो त्याच्या घरासमोरच होता. पण ते कुणी काढलं नाही. सगळ्यांच्या गाड्या बाहेर उभ्या होत्या आणि सगळ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. रायमो म्हणाला की यात तथ्य आहे. खांबमंत्र्याने आपली बाजू घेतली म्हणून औलिसला तेवढ्यापुरतं वाईट वाटलं.

तळ्यातली जाळी पुढच्या रविवारी दोघांनी हिल्काच्या गाडीने जाऊन काढून आणली. अकरा मेबद्दल औलिसने पंपावर कुणाला सांगितलेलं नाही. विचारलंच तर तो सांगणार आहे की त्या दिवशी आपल्याला कायानीत दुसरं काम आहे. हिल्काला मात्र तारीख माहीत आहे. तिने ती आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, आणि खाली लिहिलंय: सातला निघणे.